गौराई छोट्या गाडीनं आली

इंदापुरात आजवर एकच रेल्वे अपघात झाला आहे, आणि तो आमच्या पलंगाखाली झाला.

त्यात गावाचा काही दोष नाही. इंदापूरला रेल्वे नाहीच! गाडी बघायची हौस असेल त्यानं एसटीत बसून भिगवणला जावं, नाहीतर बारामतीला. नव्वदच्या दशकापासून मात्र तिसरी सोय आहे, ती म्हणजे आमचं घर. मी सरकारी कचेरीत कारकून. कुणाला तंबाखूचं व्यसन असतं, कुणाला पत्त्यांचं. मला खेळण्यातल्या आगगाड्यांचं. (‘खेळण्यातल्या’ म्हटलेलं मला सोसत नाही. पण मंदा, म्हणजे आमची बायको, तसंच म्हणते आणि घरात तिचाच शब्द चालतो.) कामानिमित्त पुण्याला गेलो की येताना एखादं इंजिन, नाहीतर पिशवीतून हातभर रूळ घेऊन यायचो. शोकेसमधले मंदाच्या लग्नातले कप हळूहळू माळ्यावर गेले आणि तिथं इंजिनं आली.

"लोक घरात भांडी आणतात," मंदा म्हणायची, "तुम्ही भंगार आणता!"

आई या गाड्यांकडं ढुंकून बघत नसे. तिची गाडी वेगळी होती. तिचं माहेर बारामती-दौंड वाटेवरचं, छोट्या रुळांच्या गाडीवरचं. पंचमीला आणि दिवाळीला ती एसटीनं बारामती गाठायची आणि तिथून छोटी गाडी. मग मामा गेला. मामी लेकाकडं पुण्याला राहायला गेली, घराला कुलूप लागलं. त्यातच ते छोटे रूळ उखडून मोठे टाकले, म्हणजे माहेर तर गेलंच, माहेरची वाटसुद्धा गेली. आई त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही. फक्त दरवर्षी गौरी बसायच्या वेळी मखराशेजारी पाटावर बसून म्हणायची, "ये बाई, ये. तुझं माहेर हाय हितं." आणि पदरानं डोळे पुसायची. विचारलं तर म्हणायची, "धूर लागला." घरात गॅस येऊन चार वर्षं झाली होती!

मला फार वाटायचं की हिला एकदा त्या गाडीतून माहेरी सोडून यावं. पण गाडी नव्हती आणि माहेरही नव्हतं. माझ्यासारख्या कारकुनाला जे जमतं तेच मी करायला घेतलं. बिस्किटांच्या डब्यांचे पत्रे कापून मी घरीच छोटी गाडी बनवायला बसलो.

"आई, इंजिन कसं दिसायचं गं?"

"मला काय म्हाईत? मी आत बसलेली आसायची!"

"मग तुला काय दिसायचं?"

"भाऊ दिसायचा. बांधावर हुबा. गाडी अशी निवांत, की त्यो खिडकीसंगं चालत यायचा. म्हणायचा, अक्का, उडी मारू नगंस, गाडी थांबू दी. मी कुठली थांबतीया!"

भाऊ काही मला पत्र्यातून करता येण्यासारखा नव्हता. म्हणून मी इंजिन केलं. काळं, बुटकं, आणि मंदाच्या मते थेट रॉकेलच्या स्टोव्हसारखं.

आता बेत ऐका. यंदा गौराई उंबऱ्यापासून मखरापर्यंत गाडीनं आणायची! आमचे मुखवटे पितळी, पण पातळ आणि मुठीएवढे. ज्येष्ठा पुढच्या डब्यात, कनिष्ठा मागच्या.

"अहो, देव आहे का पार्सल?" मंदा ओरडली.

"माहेरवाशीण आहे. माहेरवाशीण गाडीनंच येते."

मंदानं आईकडं बघितलं. आईनं हातातली वात पुरी वळली.

"पाडशील," ती म्हणाली.

"नाही पाडणार, आई. शब्द देतो."

"बग बाबा. दिस मावळायच्या आत मखरात बसली पायजे." एवढंच म्हणाली. पण संध्याकाळी तिनं माहेरचं इरकल लुगडं काढलं, ते मी पाहिलं.

अडचण एकच होती, आमचा पलंग. तो खोलीच्या मध्यापर्यंत आलेला आणि त्याखाली वर्षाचे कांदे पसरलेले. पलंग हलवायचा तर चार माणसं लागणार. मी कांद्यांतून वाट काढली आणि रूळ पलंगाखालूनच नेऊन मखराला वळसा घालून परत उंबऱ्याशी आणले. (घाटातला बोगदा म्हणून मला त्याचा अभिमानही वाटला होता. असो.)

गौराई यायच्या दिवशी गल्लीतल्या बाया जमल्या. शेजारच्या शेवंताकाकू ताट आणि पळी घेऊन सज्ज! मंदानं उंबऱ्यात मुखवटे ओवाळले, डब्यांत ठेवले आणि माझ्याकडं असं बघितलं, की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरसुद्धा तिनं तसं बघितलं नव्हतं. मी विजेच्या खोक्याचं बटण फिरवलं. गाडी कुंकवाच्या पावलांशेजारून डुलत डुलत निघाली. काकूंनी ताट बडवायला सुरुवात केली.

"गौराई आली! कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली!" सगळ्या बाया.

गाडी पलंगाखाली शिरली. आणि बाहेर आली नाही.

कांदा आडवा आला असणार, असं मला वाटलं. मी बटण जरा वाढवलं. काही नाही. अजून वाढवलं. पार शेवटापर्यंत फिरवलं. गाडी ढिम्म!

"अहो," मंदा म्हणाली, "लाईट गेलीय."

दिवसाउजेडी दिवे लावलेले नव्हते, त्यामुळं माझ्या लक्षातच आलं नाही! आता आमच्याकडं लाईट एकदा गेली की ती कधी येईल हे ब्रह्मदेवही सांगत नाही.

"शेपटीला धरून मागं ओढतो," मी म्हणालो.

"खबरदार!" आई पाटावरून ओरडली. "उंबऱ्याच्या आत आल्याली गौराई मागं फिरवायची न्हाय!"

"मग पुढं ढकलतो."

"ढकल. पर लौकर. दिस चाललाय."

मी सोवळं नेसून उघड्या अंगानं पलंगाखाली घुसलो. डोकं गेलं, खांदे गेले, आणि पोट अडकलं! पुढं जाता येईना, मागं येता येईना. नाकासमोर कनिष्ठेचा मुखवटा, तिच्या चेहऱ्यावर मंद हसू. बाहेर माझे दोन पाय आणि गल्लीतल्या समस्त बायका.

"काकू, ताट थांबवा की!" मी आतून ओरडलो.

"गौराई वाटंत आसताना ताट थांबवत न्हाईत," काकू म्हणाल्या आणि अजून जोरात बडवायला लागल्या. "गौराई आली! कुठवर आली?"

"कांद्यापर्यंत आली!" मंदाचा आवाज. त्या आवाजात भक्तिभाव अजिबात नव्हता.

"बाळू," आई म्हणाली, "दिस मावळतोय रं." मला रडूच कोसळलं. वर्षातून एकदा जी हिच्याकडं माहेर म्हणून येते, तिलाही मी वाटेत अडकवून ठेवली होती. मी सगळा जोर लावून हात पुढं केला, बोट डब्याला लागलं.

आणि लाईट आली.

बटण तर मी शेवटापर्यंत फिरवून ठेवलेलं! छोट्या गाडीनं उभ्या जन्मात जो वेग पाहिला नसेल, त्या वेगानं माझं इंजिन कांदे उडवत बोगद्यातून सुटलं. बाया किंचाळल्या. मखरापाशी वळण होतं. ते वळण गाडीनं घेतलंच नाही. ती सरळ गेली, रूळ सोडून उडाली आणि दोन्ही डब्यांसकट आईच्या मांडीवर जाऊन पडली.

काकूंचं ताटसुद्धा थांबलं.

मी पलंगाखालून एका डोळ्यानं बघत होतो. आईनं आधी मुखवटे चाचपले. पोचा नाही, काही नाही. मग तिनं इंजिन उचललं. चाकं अजून हवेत गरगरत होती. आणि आई हसायला लागली! खदाखदा, मान मागं टाकून. मामा गेल्यापासून ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती.

"अगं बया! थांबायच्या आधीच उडी मारली गं हिनं!" ती म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि या खेपेला धुराचं नावही निघालं नाही. दोन्ही मुखवटे छातीशी धरून म्हणाली, "आलीस बाई. लई बेस केलंस. माझ्यासारखी बाहीर राहू नगंस."

मंदानं डोळे पुसले आणि मुखवटे मखरात बसवले. दिवस मावळायला थोडा अवकाश होता. मग चार बायांनी पलंग उचलला आणि मला काढलं.

तिसऱ्या दिवशी गौरी गेल्या, घर रिकामं झालं. मी रूळ सुटे करायला घेतले, तर आई जवळ येऊन बसली.

"ऱ्हाऊ दी. येकदा चालीव."

तिनं कमरेची पानसुपारीची चंची काढून मागच्या डब्यात ठेवली. गाडी निघाली, पलंगाखाली गेली, मखराच्या रिकाम्या जागेला वळसा घालून चंचीसकट परत तिच्यापुढं आली. आईनं चंची उचलून हातात घेतली.

"येवढ्यात आले व्हय माहेरास्नं?" ती म्हणाली. "बाळू, जरा लांबवर रूळ टाक की रं."

मी उरलेले रूळ मोजायला लागलो. मंदा म्हणाली, "टाका. मी पिठाचा डबा सरकवते."

तेव्हापासून मी रूळ वाढवतोच आहे. गाडी स्वयंपाकघरात गेली, माजघरात गेली, न्हाणीघरावरून परसात गेली. आईचं माहेर काही अजून लागलेलं नाही. पण रोज सकाळी तिची चंची माहेरी निघते, मंदा पदर खोचून हिरवा झेंडा दाखवते, आणि कचेरीला उशीर होत असलेला मी, कमरेला टॉवेल गुंडाळून, हातात बादली घेऊन, न्हाणीघरापुढच्या फाटकात गाडी जायची वाट बघत उभा असतो.