आत्याच्या फ्रेंच हॉटेलातला हिंगणीचा आग्रह

"चल, जाऊन येऊ एकदाचं," बाबा म्हणाले आणि माझ्या हातातला चहा सांडता सांडता राहिला. मुंबईतलं कमलआत्याचं फ्रेंच रेस्टॉरंट महिनाअखेर बंद होणार होतं. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. तिने फ्रेंच स्वयंपाक्याशी लग्न केलं तेव्हा "तुह्या घरचं अन्न खाणार नाई," असं बाबा रागात बोलून बसले होते. पुढे तिचा नवरा वारला, तरी बाबांनी हट्ट सोडला नाही. हट्टीपणात आमच्या हिंगणी गावच्या लोकांचा हात कोण धरणार!

वर्ध्याहून संध्याकाळची गाडी पकडली. तिकीट आधीच काढा, आणि तिखट पुऱ्या सोबत न्याच; गाडीतल्या जेवणाच्या नादी लागू नका. दादरहून टॅक्सी केली. तुम्हाला जायचं असेल तर दुपारी जा, रात्रीचं टेबल मिळणं मुश्किल.

हॉटेलच्या भिंतीवर सुरुवातीच्या दिवसांचा फोटो आहे. चारच टेबलं, शेगडीपाशी तिचा नवरा, शेजारी पदर खोचलेली आत्या. मग नाव झालं, पेपरात छापून आलं. सगळ्यात कौतुक कशाचं, तर न मागता दुसऱ्यांदा वाढण्याचं. 'अस्सल फ्रेंच पाहुणचार' म्हणे! अहो, हा तर आमच्या पंगतीतला आग्रह. आत्याने तो नवऱ्याला शिकवला आणि त्या भल्या माणसाने हॉटेलचा नियमच करून टाकला.

बाबांनी मेनूतले भाव पाहिले. "बापा! एवढ्यात त अल्लीपूरले गावजेवण होते."

कांद्याचं सूप आलं, वर चीज वितळलेला पाव. मी तुटून पडले. बाबांनी मात्र चमचा उचललाच नाही. इथवर येऊन हे! मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात आत्या खुर्च्या धरत धरत आली.

"काऊन दादा, आवडलं नाई?"

"कोणत्या तोंडानं खाऊ, कमल?"

"ज्या तोंडानं नाई म्हटलं होतं, त्याच तोंडानं खा!"

बाबा हसले, डोळे पुसले आणि जेवायला लागले. वाटी संपायच्या आत आत्याने आणखी वाढलं. त्यांनी हात आडवा केला नाही.

वर्ध्याजवळ सिंदी मेघेला घरी परतून आठवडा झाला. चव अजून जिभेवर आहे, शक्य असेल तर महिनाअखेरच्या आत जाऊन या. काल जेवताना बाबा मध्येच थांबले.

"तो माणूस जन्मभर आपल्या घरचा आग्रह दुनियेले करत राह्यला," ते म्हणाले, "अन् मी त्याले एकदाबी जेवाले बोलावलं नाई."