त्यात नंदू होता का?

सकाळी तळ्याच्या पायरीवर बसलो होतो. समोर एक बाई गोधडी धूत होती. तिनं गोधडी आपटली तसं पाणी उडालं, त्यावर ऊन पडलं, आणि ती बाई, ते पाणी, मी असं वेगळं काही उरलंच नाही. सगळं एकच आहे, त्यातलं काहीही हरवत नाही, हे मला तहान कळावी इतकं स्वच्छ कळलं.

परतताना शेजारच्या सुमनताई दारात उभ्या होत्या. त्यांचा तरणाताठा मुलगा नंदू वर्षापूर्वी गेला. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, त्यात माझा नंदू होता का हो?"

"होता," मी म्हणालो.

त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मला आत बसवून चहा दिला. मी खरं बोललो की खोटं, हे मला अजून ठरवता येत नाही. सगळं एक झालं तेव्हा कुणाचाच चेहरा दिसला नव्हता, आणि त्यांना तर एकच चेहरा हवा होता.