पिंपातला दसरा

आमच्या घरात मोटार म्हटलं की चारचाकी नव्हे, आणि विहिरीवरचीही नव्हे. नावेच्या मागच्या फळीला आवळलेली, खाली पंखा आणि वर टोपी असलेली पेट्रोलची मोटार. तापीवरच्या धरणाचं पाणी आमच्या गावापर्यंत चढतं आणि त्यानं आमची दोन वावरं एकमेकांपासून तोडली आहेत. अलीकडचं वावर नवऱ्याचं, पलीकडचं माझं. सातबाऱ्यावर दोन्हींना सासऱ्यांचंच नाव आहे. पण पलीकडे राबते मी, म्हणून ते माझं. हे मी कोणाला विचारून ठरवलेलं नाही.

धरण भरलं की पलीकडची गाडीवाट पाण्याखाली जाते. वल्ही मारत गेलं तर पाऊण तास, मोटारीनं दहा मिनिटं. ही मोटार माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, चार वर्षांपूर्वी कुठूनशी जुनीच आणली. चालवायची मी, पुसायची मी, बिघडली की तिच्यावर ओरडायचीही मीच. वर्षातून एकच दिवस ती माझी नसे, तो म्हणजे दसरा.

दसऱ्याला सगळी अवजारं धुऊन अंगणात मांडायची ही आमच्याकडची रीत. कोयते, विळे, फवारणीचे पंप, आणि मधोमध ट्रॉलीच्या फाळक्याला आवळलेली मोटार. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. पूजा झाली की मोटारीनं आवाज द्यायचा. आधी आबा दोरी ओढणार, मग नवरा, आणि मोटार अंगणात पाच मिनिटं अशी बोंबलणार की गल्ली गोळा व्हावी. वर्षभर ती दोरी ओढून माझा खांदा निखळायचा, पण त्या दिवशी माझ्या हातात ओवाळणीचं ताट. बाईनं दोरी ओढू नये असं कोणी म्हटलं नव्हतं. ओढ असंही कोणी म्हटलं नव्हतं. मला राग यायचा, पण सणासुदीला तोंड उघडून कोण वाईट होईल?

मोटारीला एक खोड होती. चालताना तिच्या पाठीमागून पाण्याची बारीक धार पडायची. आबांना ती गळती वाटे. दरवर्षी दसऱ्यानंतर धार आणखी बारीक व्हायची आणि आबा म्हणायचे, "पाह्य, पूजा पावली." गेल्या वर्षी दसऱ्यानंतर धार पार थांबली. आबांनी पेढे तेवढे वाटायचे ठेवले.

दिवाळी झाली आणि एका सकाळी ऐन पाण्याच्या मधोमध मोटार तापली. करपल्याचा वास आला, घुर्र झालं आणि ती गप्प. दोरी ओढली तर जागची हलेना. वल्ही मारत मी परत आले तेव्हा तळहाताची सालं निघाली होती, पण जळत होतं ते दुसरंच. पलीकडची केळी कापणीला आली होती. व्यापारी बाग बघून गेला होता आणि पंधरा दिवसांवर कापणी होती.

"जुनीवर आता हातोडी मारू नकोस," नवरा म्हणाला. "मेलेल्या म्हशीला पेंड घालून ती दूध देत नाही. नवीन मागवू."

"कधी येईल?"

"महिना तरी लागेल."

"आणि केळी? नुसत्या वल्ह्यांनी एवढे घड कधी ओढून होतील?"

तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. पलीकडच्या काठावरचा एक शेतकरी केव्हापासून ते वावर बटाईनं, पिकाच्या वाट्यावर, कसायला मागत होता. उभ्या केळीसकट त्याला देऊन टाकू, मग नवीन मोटारीचीही घाई नाही, आणि तुझीही दगदग वाचेल, असं नवऱ्याचं म्हणणं. माझी दगदग! तळपायाची आग मस्तकात गेली. तिथलं एकेक रोप मी वाकून लावलं होतं आणि एकेका घडाला टेकू दिला होता. दोन वर्षं पडीक असलेलं ते वावर मी उठवलं होतं.

"आठ दिवस द्या," मी म्हटलं. "मोटार खरंच मेली असेल तर नवीन मीच मागवते. वावरही मीच देते."

जळगावातल्या दोन मिस्त्रींनी मोटारीकडे नुसतं पाहिलं. "ही समुद्रातली चीज, हिला इथं कोण उघडणार?" मग मला माहेर आठवलं. धुळ्याला देवपुरात आमच्या गल्लीत एक नाना आहेत. शेतावरची इंजिनं उघडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पेट्रोल काढून, मोटार गोणपाटात गुंडाळून मी बोदवडहून एसटीत बसले. वाहकानं विचारलं, हे काय? म्हटलं, घरचं आजारी माणूस आहे, धुळ्याला दाखवायला नेतेय. त्यानं मुकाट्यानं मागची जागा दिली.

नानांनी आयुष्यात नावेची मोटार पाहिली नव्हती. "इंजन ते इंजन," म्हणाले आणि गोणपाट पसरून तिचा एकेक भाग उतरवू लागले. अडकलेला पिस्टन तेल पाजून, लाकडानं ठोकत बाहेर काढला. त्याच्यावर ओरखडे होते. मग त्यांनी रिकामं सिलिंडर माझ्यापुढे धरलं.

"आते तू नख लाव, पोरी. मनं नख आते लोखंड व्हई गये. वरथून खाले फिराव. नख अडकनं त नवी लई ले. नही अडकनं त मी बांधी देसु."

नख अडकलं म्हणजे ओरखडा खोल, मोटार संपली. माझी नखं केळीच्या चिकानं काळी पडलेली. बोट आत घातलं आणि नख भिंतीवरून हळूहळू खाली नेलं. डोळ्यांना रेघा दिसत होत्या. एवढ्याशा नखावर अख्खं वावर टेकलं होतं. नख सरळ खाली गेलं. नानांनी सिलिंडर फिरवलं, पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा सरळ. चारही बाजूंनी सरळ.

"नाही अडकत," मी म्हटलं.

"मंग मराले काय व्हयनं व्हतं इले?" असं म्हणत नानांनी मोटारीचा खालचा पाय उघडला. आतून रबराचं एक छोटं चाक निघालं. त्याची पाती झडली होती, जी उरली ती करपलेली. हे चाक पाणी वर ओढतं, ते पाणी इंजिन गार करून पाठीमागून बाहेर पडतं, असं नानांनी समजावलं.

"म्हणजे ती धार…"

"ती गळती नही, पोरी. ती बंद व्हयनी का समज, इंजन तापनं. हाई चाक पानीबिगर फिरनं त जळी जास. तुम्हीन इले कोरडी चालाडतस का?"

छे, कोरडी कशाला चालवू, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. अंगण, ट्रॉली, झेंडूची माळ आणि पाच मिनिटांची बोंब डोळ्यांपुढे आली. चार वर्षं आम्ही मोटारीला ओवाळत होतो आणि ओवाळून झालं की भाजत होतो. मी हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग हसू थांबलं, कारण हे आबांना सांगायचं कोणी?

नवं चाक आणि पिस्टनच्या रिंगा कोकणातल्या एका दुकानातून पार्सलनं आल्या आणि नानांनी मोटार पुन्हा बांधून दिली. सातव्या दिवशी मी मोटार घेऊन घरी पोचले आणि पाणीही न पिता ते जळकं चाक आबांच्या हातावर ठेवून सगळं सांगितलं. नवरा मागून डोळ्यांनी खुणावत होता, गप्प बस म्हणून. पण आता गप्प बसले असते तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच होणार होतं.

आबांनी चाक उलटंपालटं करून पाहिलं. "म्हंजे म्याच मारली का तिले?"

"हो आबा. दर दसऱ्याला थोडी थोडी."

मला फार वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही. मग आबा उठले, फवारणीचं निळं पिंप स्वतः ओढत आणलं आणि त्यात पाण्याचा पाइप सोडला. "लाव इच्यात. पाहू दे मले."

मोटार पिंपाच्या काठाला आवळली, दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्या हिसक्याला ती बोलली आणि पाठीमागून करंगळीएवढी धार उडाली. आबांनी धारेखाली तळवा धरला. "कोमट हाये."

"तशीच पाहिजे," मी म्हटलं, जणू मी जन्मभर मोटारीच उघडत आलेय.

कापणीच्या दिवशी उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत मी फेऱ्या मारल्या. नावेत केळीची पानं अंथरलेली, त्यावर घड, आणि मागे मी, एक डोळा काठावर नि एक धारेवर. अलीकडे घड उतरवून ट्रकपर्यंत वाहायला नवरा होता. दुपारी त्याच्या पाठीला रग लागली. मी म्हटलं, "अहो, दगदग होतेय का?" पुढच्या फेरीला पेट्रोलचा कॅन मी न मागता आला. आणि संध्याकाळी बटाईवाला शेतकरी स्वतः काठावर येऊन, डोकं खाजवत, माझीही केळी तुमच्या नावेनं पोचवाल का अक्का, असं विचारून गेला. दुसऱ्या दिवशी तीही मीच आणली. हो म्हणण्याआधी थोडा वेळ विचार केल्यासारखं मात्र दाखवलं.

परवा दसरा झाला. अंगणात मधोमध पिंप, पिंपाभोवती रांगोळी, आणि पाण्यात पाय सोडून बसलेली मोटार, गळ्यात झेंडूची माळ. गल्ली जमली. पूजा झाली, नारळ फुटला, मी सवयीनं ताट घेऊन बाजूला सरकले. आबांनी दोरीला हात घातला आणि तसेच थांबले. मग माझ्या हातातलं ताट काढून त्यांनी नवऱ्याकडे दिलं आणि दोरी माझ्या हातात.

"वढ," ते म्हणाले. "अन् दिवाळी झाली का तलाठ्याकडं चाल मह्यासंग. पलीकडचं वावर तुह्या नावावर करू."

मी पदर खोचला. पहिल्याच हिसक्याला मोटार पेटली, धार पिंपाबाहेर उडून नवऱ्याच्या हातातलं निरांजन विझलं, आणि गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल एवढी मी मोटारीची वेगाची मूठ पिळली.