गुरुशांतअण्णांचा तळहात

सोलापुरात कॉम्प्युटर जोडून देणारी माणसं पन्नास सापडतील, पण पॉवर सप्लाय नुसता हातात घेऊन त्याची लायकी सांगणारा माणूस एकच, गुरुशांतअण्णा. निदान अण्णांचं स्वतःचं मत तसं होतं आणि बावीस वर्षांत ते खोडून काढायला कुणी गेलं नव्हतं.

पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला बसणारी लोखंडी पेटी. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येकाला लागेल तेवढी वाढायची, हे तिचं काम. अण्णा ती डाव्या तळहातावर ठेवत, डोळे मिटत, हात दोनदा खालीवर करत आणि निकाल देत. "ह्यात तांबं हाय," नाहीतर "रिकामा डबा हाय, परत पाठव." चांगल्या मालात तांब्याच्या गुंडाळ्या जाड, म्हणून तो जड, एवढीच ती विद्या. एके काळी ती खरीही होती. आसपासचे दुकानदार नवा माल आला की खोकं घेऊन अण्णांकडे येत. अण्णा आधी थोडे आढेवेढे घेत, मग हात पुढे करत. देवळात तीर्थ घेतानाही त्यांचा हात इतका गंभीर नसे.

मार्चमध्ये मंगळवेढ्याकडच्या एका वाडीवरून जोतिराम आणि त्यांची मुलगी पूनम दुकानात आली. जोतिरामांची मेंढरं, थोडी जिरायती जमीन. पूनम कॉम्प्युटरच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला. शेवटच्या परीक्षेसाठी ती स्वतः एक गेम तयार करत होती आणि असली कामं पेलायची तर मोठं ग्राफिक्स कार्ड असलेलं, गेमिंगचंच मशीन लागतं. तिनं वहीचा कागद आणला होता. त्यावर एकेका भागाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. अण्णांनी कागद वाचला, चांगला आहे म्हणाले आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

सगळं कागदाप्रमाणे निघालं. पॉवर सप्लायपाशी अडलं. पूनमनं लिहिलेला साडेसहाशे वॅटचा होता, नावाजलेल्या कंपनीचा. अण्णांनी एका हातात तो घेतला आणि दुसऱ्या हातात साडेसातशे वॅट छापलेला, कधी न ऐकलेल्या नावाचा. डोळे मिटले.

"हा घ्या," ते दुसरा पुढे करत म्हणाले. "जड हाय. आकडाबी मोठा हाय."

"काका, आकडा कुणीबी छापतंय," पूनम हळू आवाजात म्हणाली. "ह्याच्या लेबलवर कुठल्या लाईनला किती वीज मिळणार ते लिहिलेलंच न्हाय. मी वाचलंय त्याबद्दल."

दुकानात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं होती. अण्णा मोठ्यांदा हसले. "ताई, कागदावर मशीन चालत न्हाय. बावीस वर्षं हा हात चाललाय."

जोतिरामांना हे फार पटलं. तेही आयुष्यभर मेंढरं उचलूनच पारखत आले होते. काट्यावर घालायच्या आधी किलोचा आकडा सांगत. त्यांनी पेटी हातात घेतली, अण्णांसारखीच तोलली आणि मान डोलावली. "बराबर हाय अण्णा. हाताला कळतंय की." मग मुलीकडे वळून म्हणाले, "गप ऱ्हा तू. जाणत्या माणसाला शिकवतीस व्हय?"

अण्णांनी निवडलेली पेटीच मशीनमध्ये बसली. दोन जाणती माणसं एकमेकांवर बेहद्द खूश झाली आणि जोतिरामांसाठी दुसरा चहा आला.

तीन आठवड्यांनी जोतिरामांचा फोन आला. गेम जरा मोठा झाला, पडद्यावर चित्रं भरभर हलायला लागली की मशीन धाडकन बंद पडायचं. अण्णांना तेव्हाच समजायला हवं होतं. कार्डानं जोर मागितला आणि पेटीला तो देता आला नाही, हे शिकाऊ पोरालाही कळलं असतं. पण समोर गिऱ्हाईक होतं आणि चुकला असता तो अण्णांचा हात. ते म्हणाले, "पाव्हणं, पोरगी सारखी गेम खेळत असंल. मशीन तापतंय. जरा आवरा तिला."

"व्हय व्हय," जोतिराम म्हणाले.

आणखी आठवड्यानं जळका वास आला आणि मशीन पार थंड झालं. पूनमनं पेटी सोडवून एसटीच्या पार्सलनं पाठवली. सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती.

दुपारी दुकानात कुणी नसताना अण्णांनी ती उघडली. आत तांब्याच्या गुंडाळ्या होत्या, पण सुपारीएवढ्या. आणि तळाला, कशाशीही न जोडलेली, दोन स्क्रूंनी आवळलेली एक लोखंडी पट्टी. तिला काम काही नव्हतं. जड लागणं एवढंच तिचं काम. पेटी बनवणाऱ्या कुणीतरी, कुठंतरी बसून, अण्णांसारख्या माणसांचा तळहात ओळखला होता आणि त्यासाठी ही पट्टी खास बसवली होती.

अण्णांचे कान तापले. एकटेच असूनही त्यांनी दाराकडे पाहिलं. बावीस वर्षांत असल्या किती पट्ट्या आपण डोळे मिटून पास केल्या असतील, हा विचार आला आणि त्यांना बसवेना. पण माणूस मोठा चिवट. दुसऱ्याच मिनिटाला त्यांच्या मनात आलं, हे बघितलंय कुणी? चांगला सप्लाय पार्सलनं पाठवून द्यायचा, बदलून दिला म्हणायचं. वर आपणच भले ठरू.

तसं सांगायला त्यांनी फोन लावला, तर जोतिरामच आधी बोलायला लागले. "अण्णा, तुमाला उगं तरास झाला बगा. चूक आमच्या पोरीची. तुमी सांगितलंवतं तरी मी तिला आवरलं न्हाय. आता लई बोललो. मशीन घोंगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलंय. म्हटलं, बास झालं शिक्षान, घरी बस."

"परीक्षा?" अण्णांनी विचारलं.

"कशाची परीक्षा? जाळायची?"

अण्णांनी फोन ठेवला, ड्रॉवर उपसून तो वहीचा कागद शोधला आणि दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याची पहिली एसटी धरली. पिशवीत नवा सप्लाय होता आणि खिशात लोखंडी पट्टी. एवढीशी पट्टी, पण पूर्ण रस्ताभर ती मांडीला टोचत राहिली.

वाडीवर जोतिरामांनी बाज टाकली, पाणी दिलं. पूनम दाराशी उभी होती. आधी पाणी पिऊ म्हणून अण्णा टाळत राहिले. तांब्या रिकामा झाला तेव्हा टाळायलाही काही उरलं नाही. त्यांनी पट्टी काढून जोतिरामांच्या हातावर ठेवली.

"हे आत हुतं. जड लागावं म्हणून घातलेलं. मी फसलो."

जोतिरामांनी पट्टी उलटीपालटी केली. मग म्हणाले, "आमच्या बाजारातबी असंच करत्यात. आदल्या दिशी मेंढराला मीठ चारायचं आन पानी पाजायचं. जड लागतंय मग." त्यांनी मान वर केली. "म्हणून आमी आदी पोट चाचपतो, अण्णा. मग उचलतो. तुमी पोट बघितलंच न्हाय व्हय?"

प्रश्न सरळ होता, त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच अण्णांना तो झेपला नाही. अजून निम्मं सांगायचं बाकी होतं आणि ते जास्त वाईट होतं.

"आन फोनवर बोललो ते खोटं हुतं," ते म्हणाले. "पोरीनं काय केलं न्हाय. गेम खेळून मशीन जळत न्हाय. मला माझं झाकायचं हुतं, म्हणून तिच्यावर घातलं. तिनं त्या दिवशीच बरोबर सांगितलंवतं."

जोतिरामांनी लेकीकडे पाहिलं, मग लगेच नजर वळवली. पट्टी बाजेवर ठेवून ते आत गेले, माळ्यावरून मशीन खाली काढलं आणि घोंगडं सोडून अंगणात पूनमपुढं ठेवलं. अण्णांनी नवा सप्लाय पिशवीतून काढून जोतिरामांकडे दिला. सवयीनं जोतिरामांचा तळहात खालीवर व्हायला लागला. मध्येच ते थांबले.

"तू बग," म्हणत त्यांनी खोकं लेकीच्या हातात दिलं.

पूनमनं अण्णांना विचारलं, "हा कसा निवडला, काका?"

"तुझ्या कागदावरनं," अण्णा म्हणाले आणि कागद पुढं केला.

तिनं तो उलगडला. पॉवर सप्लायची ओळ जिथं होती, नेमका तिथंच चहाच्या ग्लासाचा गोल डाग पडला होता. अक्षरं पसरली होती, तरी वाचता येत होती. पूनम त्या डागाकडे थोडा वेळ बघत राहिली आणि अण्णा तिच्याकडे बघायचं टाळत राहिले. मग तिनं कागद खोक्याशेजारी धरला आणि लेबलवरची एकेक ओळ बोट ठेवून वाचायला घेतली. तिचं वाचून होईपर्यंत दोन्ही जाणती माणसं तिथंच थांबून राहिली.