भांडकुदळ घर आणि बद्रीनाथ दारवान

चित्रपटांवर लिहायचा उद्योग मी वीस वर्षं करतोय, पण एखादा चित्रपट का चालतो हे मला धड कधी कळलेलं नाही. तसं कबूल करण्याइतका प्रामाणिकपणाही अंगात नाही. म्हणून त्या गुरुवारी दुपारी चहाच्या निमित्तानं मी बद्रीनाथला गाठलं.

बद्रीनाथ आमच्या शहरातल्या एका जुन्या थेटरचा दारवान. साठी उलटलेली, बायको गेलेली, एकुलती मुलगी तनुजा लग्न होऊन पुण्याला. थेटरमागच्या खोलीत एकटाच राहतो. चार आठवडे तो एकच चित्रपट बघत होता. आजारी आईसाठी तीन भावंडं गोळा होतात आणि पहिल्या घासापासून एकमेकांच्या उरावर बसतात, एवढीच गोष्ट. लोक हसून लोळायचे आणि डोळे पुसत बाहेर पडायचे.

"एवढं काय आहे हो त्यात?" मी विचारलं.

"त्यात कुणी मनात ठेवत नाय, साहेब. थोरला चिडून घराबाहेर जातो, तर धाकटा मागं पळतो. कशाला? तर राहिलेल्या दोन शिव्या द्यायला. लोक हसतात, कारण शिव्या देतोय तोवर माणूस आपला हाय, हे त्यांना ठाऊक असतं. रडू बी तिथंच येतं."

वाक्य चोरण्यासारखं होतं. मी वही काढली. तो बोलतच राहिला.

कन्नड गावाला त्याचा थोरला भाऊ राहतो, काकासाहेब. बाप लवकर गेला, दादानंच ह्याला वाढवलं. सात वर्षांपूर्वी तनुजाची लग्नपत्रिका छापायची होती. आपल्याकडं पत्रिका म्हणजे अख्ख्या भावकीची हजेरी. बद्रीनाथनं सगळ्यांची नावं एका कागदावर लिहिली. दादाचं नाव सगळ्यांच्या वर, ठळक घ्यायचं, म्हणून ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं. छापखान्यात कागद दिला, चिठ्ठी खिशातच राहिली. पत्रिका वाटून झाल्यावर लक्षात आलं.

"मग लगेच गेला का नाहीत?"

"लाज वाटली. म्हटलं, दादा लग्नात येऊन चारचौघांत झापंल, मी पाय धरीन. दादा आलाच नाय."

तो आला नाही, हा गेला नाही. अशा माणसांचा मला राग येतो, बहुधा मी त्यांच्यातलाच आहे म्हणून. "लावा फोन आत्ताच," मी तडकून म्हणालो.

त्यानं लावला. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर.

"दादा, मी बद्री. तनूच्या पत्रिकेत तुझं नाव राहिलं, ती चूक माझीच व्हती. तू मला पायजे तेवढ्या शिव्या दे."

पलीकडचा आवाज अगदी शांत होता. "पत्रिका? हां, ती व्हय. जाऊ दे की. राग बिग काय नाय, कवाच सोडलं ते. तब्येत बरी ना? बरं, ठेवतो. पाव्हणे आलेत."

फोन बंद झाला. आत चित्रपट सुरू झाला होता, लोक हसत होते.

"बघा," मी मूर्खासारखा म्हणालो, "त्यांच्या मनात राग नाहीच."

बद्रीनाथनं फोन खिशात टाकला.

"सात वर्षं मी त्याच्या रागाच्याच भरवशावर काढली, साहेब," तो म्हणाला.