दिवस बुडायची वाट

दुधात मळलेल्या दशम्या, त्यांच्या मधोमध दाबून भरलेली शेंगदाण्याची चटणी, आणि हे सारं ज्या धुवट पंचात बांधलेलं असे त्या पंचाला आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूप्रमाणे चिकटलेला तंबाखूचा उग्र दर्प. हे तीन वास एकत्र नाकाशी आले की इतरांना बहुधा प्रवास आठवेल. मला तहान आठवते. कार्तिकातलं स्वच्छ, पिवळं, लांबत चाललेलं ऊन आठवतं, सदलग्याच्या वेशीबाहेरचं चिंचेचं झाड आठवतं, आणि त्या झाडाखाली मावळतीकडे डोळे लावून बसलेले माझे वडील आठवतात. सूर्य लवकर बुडावा म्हणून इतका आतुर झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आप्पा निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. बाहेर इंग्रजांचं राज्य होतं, मोठमोठ्या चळवळी चालल्या होत्या, पण आमच्या घराचं क्षितिज वखारीच्या पत्र्यापाशी संपत असे. माझी थोरली बहीण पद्मा, आमची आक्का, लग्न होऊन सदलग्याला गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तिला घरातून निघताना रडूच आवरेना. तेव्हा आप्पांनी भर मांडवात, चार माणसांच्या देखत, तिला शब्द दिला होता, की दिवाळीच्या सुट्टीत तुला गोकाकचा धबधबा दाखवीन. आक्काला त्या धबधब्याचं लहानपणापासून वेड होतं. वखारीत आलेल्या कुणा गाडीवानाने तिला सांगितलं होतं, की तिथे उभं राहिलं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. घरभर सगळ्यांची बोलणी ऐकत वाढलेल्या त्या मुलीला असं एक ठिकाण जगात आहे याचंच केवढं अप्रूप वाटत असे.

पहिली दिवाळी जावयाच्या मानपानात गेली. दुसऱ्या वर्षी आक्काचं पत्र आलं. त्यात सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर, अगदी कडेला, जागा उरली म्हणून लिहावं तसं, तिने लिहिलं होतं : ‘धबधब्याला यंदा पाणी लई हाय म्हनत्यात.’ आई ते पत्र दोन दिवस कनवटीला लावून हिंडली. तिसऱ्या दिवशी आप्पा बेत आखायला बसले.

बेत आखण्यात आप्पांचा हात कुणी धरला नसता. निपाणीहून बोरगावपर्यंत वखारीच्या मोटारीतून, पोत्यांवर बसून. तिथून सदलग्याला चालत. रात्री आक्काच्या घरी मुक्काम, म्हणजे धर्मशाळा नको. पहाटे आक्काला घेऊन तिच्याच सासरच्या बैलगाडीतून चिकोडी रोड स्टेशन, रात्र फलाटावर, सकाळच्या आगगाडीने गोकाक रोड, तिथून धबधबा. येताना संकेश्वरावरून निपाणी, आणि मग आक्का आठ दिवस माहेरी. एकच अडचण होती. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आमच्याकडची रीत, आणि आप्पा रीत मोडणाऱ्यांपैकी नव्हते. पण पाहुणा दारात आला तर विहीणबाई पाणी विचारणार, आणि त्याने नाही म्हटलं तर ते त्यांच्या मनाला लागणार. यावर आप्पांनी काढलेली तोड मला तेव्हा अलौकिक वाटली होती. आम्ही जैन, दिवस बुडाल्यावर अन्न नाही की पाणी नाही. तेव्हा अंथऊ, म्हणजे आमचं दिवसाउजेडीचं रात्रीचं जेवण, वाटेतच उरकायचं आणि दिवा लागल्यावर दारात उभं राहायचं. पहाटे उजाडायच्या आत निघायचं. कुणी विचारायला नको, कुणी नाकारायला नको. साप मरावा आणि काठीही मोडू नये, म्हणतात ते असं.

म्हणून आम्ही त्या चिंचेखाली बसलो. गाव हाकेच्या अंतरावर होतं, आक्काच्या घराचं कौलारू छप्परसुद्धा आईने मला बोटाने दाखवलं. दशम्या खाऊन झाल्या होत्या, गाळून आणलेलं पाणी संपलं होतं, चटणी घशाला जाळत होती. आई एकदा हळूच म्हणाली, ‘आवो, पोरगी तकडं वाट बघत आसंल.’ आप्पांनी मावळतीवरची नजर न काढता उत्तर दिलं, ‘बस गं. कासराभर र्‍हायलाय अजून.’ ऊन शेतांवरून सावकाश निघालं होतं, शाळूचं कोवळं रान त्यात न्हाऊन निघालं होतं, नदीकडून ओलसर गारवा येऊ लागला होता. इतकी सुंदर संध्याकाळ आणि आम्ही तिघं ती संपायची वाट पाहत बसलो होतो. मला मात्र वडिलांच्या हुशारीचा अभिमान वाटत होता. हा अभिमानच पुढे नडला.

आम्ही दारात गेलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आक्का उंबऱ्यात उभी होती. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि तिचं गाठोडं बांधून खुंटीला लावलेलं मला आत शिरताच दिसलं. सोप्यात पाट मांडलेले होते, रांगोळी होती, आणि झाकून ठेवलेल्या ताटांतून पुरणाचा वास येत होता. दुपारपासून ते घर आमच्यासाठी थांबलं होतं. आप्पा हात जोडून म्हणाले, ‘काय करायचं विहीणबाई, वाटंत उशीर झाला, दिवस बुडला. न्हाईतर बसलोच असतो की पाटावर.’ आक्काची सासू म्हणाली, ‘असू द्या की. वाट कुणाच्या हातात असती व्हय?’

मग तिने मला जवळ ओढलं. बाई प्रेमळच होती, हे मला आज लिहिताना मुद्दाम सांगितलं पाहिजे. केसांवरून हात फिरवत म्हणाली, ‘लेकरू दमलं. मोटार कुठं बंद पडलती का गं?’ आणि मी, आपल्या वडिलांची अक्कल या मोठ्या घराला कळावी म्हणून, भरल्या सोप्यात ठणठणीत आवाजात सांगितलं, ‘न्हाई मावशी, आमी कवाच आलतो. चिंचंखाली दिवस बुडायची वाट बघत बसलतो. आप्पा म्हनले, हितं मुक्काम केला की धर्मशाळा वाचती, गाडी बी फुकट मिळती, आन् तुमचं पानी बी प्यावं लागत न्हाई.’

सासूचा हात माझ्या केसांत तसाच राहिला, आणि मग तिने तो अलगद काढून घेतला. अंथरुणं उत्तम घातली गेली, उशाला घोंगडी दिली गेली. मी तहानेने व्याकूळ होऊन झोपले.

पहाटे गाडी जुंपून तयार होती. बैलांच्या शिंगांना दिवाळीचे गोंडे होते, गाडीत कडबा पसरून वर जाजम घातलेलं होतं. मात्र खुंटीवरचं गाठोडं खुंटीवरच होतं. आप्पांनी विचारलं तेव्हा सासू शांतपणे म्हणाली, ‘गाडी तुमचीच हाय पाव्हणं, न्या. सून न्हाई यायची. धर्मशाळा म्हटलं की झाडलोटीला कुनीतरी लागतंच की.’ दाजी बैलांच्या पाठीवरून हात फिरवत जमिनीकडे पाहत होते. आक्का दारामागे होती. तिचा फक्त बांगड्यांचा हात दिसत होता.

त्या क्षणी आप्पांनी परत फिरायला हवं होतं. धबधबा पाहायचा होता तो आक्काला. तिच्यावाचून आमचं तिथे काय काम होतं? पण आखलेला बेत मोडणं हा आप्पांच्या लेखी अपराध होता, आणि दाराशी उभी राहिलेली फुकटची गाडी सोडून देणं हा त्याहून मोठा. ते गाडीत चढले. आई चढली. मीही चढले, आणि लाज सोडून खरं सांगायचं तर, चढताना मला आनंद झाला. वडिलांवर मी आयुष्यभर रागावले त्यातला निम्मा राग बहुधा या आनंदाचा आहे.

धबधबा भव्य होता. तांबूस पाणी कड्यावरून कोसळत होतं, तुषारांत इंद्रधनुष्य उभं होतं, झुलत्या पुलावर उभं राहिलं की पायाखालची लाकडी फळी थरथरे. गाडीवानाने सांगितलं होतं ते अक्षरशः खरं होतं. कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. आई धबधब्याकडे पाठ करून एका खडकावर बसली होती. तिचे ओठ हलत होते. ती आप्पांना काहीतरी बोलत होती, बराच वेळ बोलत होती, आणि तिला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ते काय होतं हे मी तिला कधी विचारलं नाही.

आक्काला मूल व्हायला पुढे सात वर्षं गेली. त्या सात वर्षांत ती माहेरी दोनदा आली, तीही सासूने परतायची तारीख ठरवून, सोबत देऊन धाडलं तेव्हाच. त्यातल्या एका खेपेला तिने आईला सांगितलं होतं, की दिवेलागणीला सासू रोज न चुकता म्हणते, ‘दिवस बुडला गं. तुझा बा ईल आता. अंथरूण घाल.’ आक्का रोज ऐकत असे. तिथे बोलणं ऐकू येऊ नये असा कुठलाच आवाज नव्हता.

मुलाच्या बारशाला आम्ही गेलो तेव्हा सासू वारली होती. भर दुपार होती, अंगणात डोळे दिपवणारं ऊन. आप्पा थकले होते, पण त्या दिवशी ते ताठ बसले. आता रीतच त्यांच्या बाजूला होती. नातवाला मांडीवर घेऊन ते मोठ्याने, जवळजवळ सण असल्यासारखं, म्हणाले, ‘पद्मा, पानी आण गं.’ आक्का आत गेली, गळणं लावून तांब्या भरला, आणि तो त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, ‘प्या की आप्पा. दिवस हाय अजून.’

आप्पांनी तांब्या उचलला. तो ओठांपर्यंत न्यायला त्यांना फार वेळ लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी रिकामा तांब्या खाली ठेवला नाही, हातातच धरून बसले. आक्काने आईला पाणी दिलं, सोप्यातल्या बायकांना दिलं, दारातल्या गाडीवानालाही दिलं, आणि घागर झाकून ती पाळण्यापाशी जाऊन बसली.

मी तिथेच, आप्पांच्या शेजारी बसले होते. मला तिने पाणी विचारलं नाही. कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल, असं मी अजूनही स्वतःला सांगत असते.