केबिनमधला दुसरा फोन

मोडेममामा,

ऑफिसात तुला याच नावानं हाक मारायचे, म्हणून मी तुझी ताई असूनही मारते. तुझ्यावरचा राग काही उतरत नाही. ‘तू असं केलंस, तू तसं केलंस’ लिहीत बसले तर पत्राचं भांडण होईल, म्हणून तुझी गोष्ट तिऱ्हाइताची म्हणून सांगते.

तो शालेय पुस्तकांची पानं जुळवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात संगणक सांभाळायचा. तयार पानं परगावच्या छापखान्याला फोनच्या तारेतून पाठवायची. संगणक फोनला जोडणारं मोडेम आधी किंचाळायचं, खरखरायचं, मग गप्प होऊन कामाला लागायचं. भूगोलाच्या पुस्तकाला दीड तास हवा होता आणि तासाभरात कुठेतरी फाईल तुटायचीच. की पुन्हा पहिल्यापासून. त्यानं वायर बदलली, वेग कमी केला, फाईलचे बारा तुकडे केले. तुकडेही तुटले. शुक्रवारी पुस्तक पोचलं नाही तर याची नोकरी गेली समजा, असं साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

गुरुवारी साहेब बाहेर पडले आणि चार तुकडे बिनबोभाट गेले. ते परतले आणि पाचवा तुटला. त्यानं काचेतून केबिनमध्ये पाहिलं. त्याच लाईनवरचा दुसरा फोन कानाला लावून साहेब बसले होते. फाईल चालली आहे ना, ते ऐकायला. दिवसातून दहादा काळजीनं रिसीव्हर उचलायचे, त्यानं लाईनमध्ये व्यत्यय यायचा आणि दहादा स्वतःच फाईल तोडायचे.

घरी जेवताना त्यानं हे सांगितलं तेव्हा मोठी बहीण ताटावरून उठलीच.

“मग बोललास का तोंडावर?”

“साहेबांना कसं सांगायचं, ताई? चारचौघांत शोभा होईल त्यांची.”

“आणि तुझी रोज होते ती?”



शुक्रवारी साहेब यायच्या आत त्यानं केबिनमधल्या फोनची वायर भिंतीतून काढून ठेवली. उरलेले आठही तुकडे गेले. पुस्तक पोचल्याचं छापखान्यानं कळवलं. तेवढ्यात साहेबांनी फोन उचलला, तर तो मुका. माझ्या केबिनमध्ये शिरायची हिंमत कशी झाली, म्हणून त्याला त्याच दुपारी कामावरून काढलं. वर कागदावर लिहिलं की फाईल तुटायच्या त्या याच्या हलगर्जीपणामुळे. आणि या शहाण्यानं वाचून खाली सही ठोकली. का, तर साहेबांना रक्तदाब आहे.

नऊ वर्षांच्या नोकरीचा दाखला तेवढा आणायचा राहिला. त्याच्याशिवाय दुसरीकडे कोणी दारात उभं करेना. तो म्हणाला, ताई, तू जा, तुला बोलता येतं. ती म्हणाली, मी गेले तर दाखला राहील बाजूला, साहेबांचीच हजेरी घेऊन येईन. तुझा तू जा. सोमवारी जातो म्हणाला. सोमवारी तो तिच्या तोंडाकडे बघत बसला आणि ती पेपर वाचत. दाखला अजून तिथेच कुठल्या कपाटात पडला असेल, नाहीतर कोणी लिहिलाच नसेल.